बापदेवाचं आवतन

सारसोळे हे नेरूळमधलं एक गाव, असं लोक सांगतात. मी उलटं सांगते. नेरूळचे सेक्टर आमच्या गावाभोवती नंतर येऊन बसले. मी इथल्या कोळ्याची मुलगी आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर. काळ्या झग्यातला माझा फोटो आईने देवाच्या फळीवर ठेवलाय. ठेवू दे. कमावलंय मी ते.

कॉलेजात असताना गावाचा इतिहास शोधला होता. नव्या शहराचा ढीगभर सापडला, आमचा दोन ओळी. बाकीचा मला धाकट्या बहिणीच्या हळदीच्या दिवशी मिळाला, तोही एका सोसायटीच्या गेटबाहेर.

आमच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. धवलारीण म्हणजे लग्नाचे विधी गाण्यातून करणारी बाई. गावातल्या एकेका देवाला आवतन द्यायचं, मग पोरीला हळद. सगळ्यात शेवटचा मान बापदेवाचा. बापदेव म्हणजे खाडीकडच्या बांधावरचा शेंदूर लावलेला दगड. दादाच्या लग्नात तिथं मोकळा प्लॉट होता. आता तीन टॉवर आहेत आणि देव मागच्या पार्किंगच्या भिंतीला टेकून आहे. बिल्डरने त्याला हलवला नाही, एवढं बरं.

संध्याकाळी हळद होती. दुपार कलल्यावर आम्ही तिघी निघालो: आई, धवलारीण आजी आणि नारळ-अक्षता धरलेली मी. गेटवर वॉचमन, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा.

"कुठल्या फ्लॅटला जायचंय, मावशी?"

"बापदेवाकडं," आई म्हणाली.

"फ्लॅट नंबर?"

"त्याला कशाला फ्लॅट? त्याचीच जागा हाय ही सगली."

"तसं नाय हो. मोबाईलमधे टाकावं लागतं. आतल्या माणसानं हो म्हटलं की मी सोडतो."

"मंग लाव देवाला फोन," आजी म्हणाली. "उचलला तर मना पन दे. जाम दिवस बोलनं नाय झालं."

तो हसला, पण गेट काही उघडेना. "नोकरी जाईल माझी, आजी."

मी सेक्रेटरीचा नंबर मागून लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तेच. आईचा चेहरा उतरला. बापदेवाला आवतन गेल्याशिवाय ती हळदीच्या वाटीला हात लावणार नव्हती, आणि तिकडे मांडवात बहीण पाटावर बसायची वेळ होत आली होती.

"पोर जलमभर मनल, माझेच हलदीचं आवतन देवाला नाय पोचलं," आई पुटपुटली.

आजीने पदर खोचला. "गेट मानसाला हाय. गान्याला नाय."

आणि तिथेच, फुटपाथवर उभी राहून तिने सुरू केलं.

हे गाणं मी मांडवात लहानपणापासून ऐकलेलं. देवाचं गाणं, एवढंच डोक्यात. त्या दिवशी उन्हात उभी राहून कळलं की ते वाटेचंही आहे. गाणं गावदेवीच्या पायरीवरून निघालं. विहिरीला वळसा घालून गेलं, तिथं आज मेडिकल आहे. जाळी सुकवायच्या माळावरून गेलं, तिथं आता शाळा. बांधाच्या उघाडीपाशी थांबलं. भरतीचं पाणी अडवायची ती फळी आता मोठ्या रस्त्याच्या पोटात कुठेतरी असेल. मग गाणं बांधावर चढलं.

*बांधावरचे बापदेवा, तुला आवतन रं,*
*आमचे पोरीचे हलदीला पुढं यं तू रं.*

आवाज टॉवरांवर आपटून परत आमच्याकडे येत होता. बाल्कन्यांत माणसं आली. डांबराखालचं अख्खं गाव त्या म्हातारीच्या गळ्यात जागच्या जागी होतं.

गाणं संपलं तेव्हा वॉचमनने टोपी काढली होती. "आजी, बापदेव म्हणता का त्याला? मी रोज सकाळी अगरबत्ती लावतो. नाव कोणी सांगितलंच नव्हतं." त्याने छोटं दार ढकललं. "जा पटकन. मी बघतो काय ते."

"आता कशाला? आवतन पोचलं. नारल तेवढा तू ठेव त्याचे म्होरं. आन् सांच्याला ये हलदीला."

माझ्या हातातला नारळ आजीने त्याला दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

संध्याकाळी मांडवात पुन्हा तेच गाणं. मी कान देऊन ऐकत होते. पायरी, विहीर, माळ, उघाडी. बांधावर चढायच्या आधी मात्र गाणं एका नव्याच जागी थांबलं.

*गेटावरचे दादाला त्यालाबी आवतन,*
*त्याचे हातचा नारल देवाला पोचला रं.*

मागच्या बायांनी ओळ अशी उचलली, जशी ती पहिल्यापासूनच तिथं होती. विहीर आणि उघाडीसुद्धा कधीतरी अशाच आल्या असतील, कुणा बाईने त्या-त्या दिवशी गाण्यात घातलेल्या. आईने हळदीची वाटी उचलली आणि बहिणीच्या गालाला पहिलं बोट लावलं.

मांडवाच्या तोंडाशी तो उभा होता, युनिफॉर्मवरच, चपला काढू की नको या विचारात. आजीने गाणं न थांबवता त्याला हाताने आत बोलावलं.