पहिल्या जॉबवरचं कुंकू

त्या खंडेनवमीला चाकणजवळच्या शेडमध्ये ठिणग्या नव्हत्या. माझा थोरला भाऊ तिथे वर्षानुवर्षं स्पॉट वेल्डिंग करत आला. पूजेला आम्ही घरचे जायचो, तेव्हा पहिला जॉब, म्हणजे पूजेनंतर जोडलेला पहिला तुकडा, ठिणग्यांच्या फुलोऱ्यातूनच बाहेर यायचा. त्या सकाळी मात्र झेंडूच्या माळांमधून ऊन मशीनवर उतरत होतं आणि धूळ इतकी हळू तरंगत होती, की सगळी शेड पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती.

काम नवं होतं. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीच्या पेटीला पोलादी चौकट आणि वर ॲल्युमिनियमचं झाकण. हे दोन धातू वेल्डिंगने नीट जुळत नाहीत. ते दाट काळ्या गोंदाने जोडायचे आणि भट्टीत तापवून पक्के करायचे. त्याआधी तशाच जोडलेल्या पट्ट्या मशीनवर ओढून बघायच्या. त्या टिकल्या तर काम शेडला मिळणार होतं आणि दादा त्या लाइनवर जाणार होता. नाही टिकल्या, तर त्याच्यासाठी तिथे काही उरत नव्हतं; वेल्डिंग आधीच आटत चाललं होतं. रहाटणीच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"काय राव, आता गाड्या डिंकानं चिकटवणार?" शेजारच्या मशीनवरच्याने विचारलं.

"आधी तुझं तोंड चिकटवून बघतो," दादा म्हणाला.

त्याने पट्ट्या स्पिरिटने पुसून पांढऱ्या फडक्यावर मांडल्या. आरती झाली. मग तेलात कालवलेल्या कुंकवात बोट बुडवून त्याने ते पहिल्या पट्टीवर टेकवलं. पहिल्या जॉबला तो दर वर्षी असंच बोट लावायचा. आम्हा कुणालाच त्यात वेगळं काही दिसलं नाही. गोंदाची काळी धार त्या लाल ठिपक्यावरून संथपणे गेली आणि वर दुसरी पट्टी दाबून बसवली.

भट्टीतून काढून, निववून पट्ट्या मशीनच्या जबड्यांत धरल्या. ओढ बसली न बसली तोच त्या सुटल्या, ओल्या भिंतीवरून कागद निघावा तशा. गोंदावर बोटाचा ठसा उमटला होता, विटकरी, रेषांसकट.

मालक जवळच्याच गावचे. ते ठशावर वाकले. "आरं, कुंकू लावलंस व्हय?"

"दर वर्षी लावतो, मालक."

"दर वर्षी ते ठिणगीत जळून जातं. ह्यो गोंद पत्र्याला धरतो. मधी तुझं तेल आल्यावर कुणाला धरंल?"

दादाने साबणाने हात धुतले, हातमोजे चढवले, नव्या पट्ट्या पुन्हा पुन्हा पुसल्या. भट्टी तापत होती तोवर शेडमध्ये खोबरं-साखर वाटली गेली. वहिनी कुंकवाची डबी झाकण लावून मांडीवर धरून बसली होती.

दुसऱ्यांदा मशीन ओढत राहिलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कापड फाटल्यासारखा आवाज आला. ॲल्युमिनियमची पट्टी जोडाच्या शेजारी फाटली होती; जोड होता तसाच होता.

मालकांनी त्यावरून अंगठा फिरवला. "पत्रा फाटला, पन ह्यो न्हाई सुटला. दसरा झाला की ह्या लाइनीला ये."

वहिनीने डबी उघडून पुढे केली. दादाने हातमोजा काढला, बोट बुडवलं, सवयीने पट्टीकडे नेलं. मग थांबला आणि ते भट्टीच्या दारावर, बाहेरून टेकवलं. दार अजून ऊन होतं.