लॉट एक्केचाळीसचा त्रिकोण

केणीसर गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर कळली आणि तीही चुकीची. भाईंदरच्या एका मराठी ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, 'ज्येष्ठ चित्रकार अरविंद केणी यांचे दुःखद निधन'. खाली जोडलेल्या हातांची रांग. सरांनी आयुष्यात कधी ब्रश हातात धरला नव्हता. ते दुसऱ्यांच्या चित्रांची वर्णनं लिहायचे, मुंबईतल्या एका लिलाव कंपनीच्या कॅटलॉगसाठी, बावीस वर्षं. हा मेसेज त्यांना दाखवला असता तर त्यांनी खिशातली पेन्सिल काढून 'ज्येष्ठ' ठेवलं असतं, 'चित्रकार' खोडलं असतं आणि 'दुःखद'शेजारी प्रश्नचिन्ह काढून विचारलं असतं, "कुणाला, ते चौकशी करून लिहिलंय का?" मला हसू आलं, आणि मग मेसेज पुन्हा वाचला. सात वर्षं मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि ऐकणारा माणूसच उठून गेला.

आमची ओळख भाईंदर पश्चिमेला झाली. मी तिथे लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात कॉम्प्युटरवर बसायचे. सर पुतण्याच्या मुंजीची पत्रिका घेऊन आले. त्यांनी लिहून आणलेली तिथी आणि वार जुळत नव्हते. मी विचारलं, "काका, यातलं खरं काय?" ते इतके खूश झाले की पत्रिका राहिली बाजूला, माझीच चौकशी सुरू झाली. महिन्याभरात त्यांनी मला आपल्या कंपनीत कॅटलॉगची पानं लावायच्या कामाला नेलं. कंपनी चालवणाऱ्या साहेबांना माझी ओळख करून देताना म्हणाले, "हिला शंका आली की ही विचारते. बाकीचं शिकेल." हे वाक्य मी पुढे विसरले असते तर बरं झालं असतं. पण विसरले नाही.

लिलावाचं कॅटलॉग म्हणजे दिसायला गुळगुळीत पानांचं पुस्तक. पण त्यातला एकेक शब्द जपून ठेवलेला असतो. चित्रकाराचं नाव नुसतं लिहिलं, तर कंपनी म्हणते, हे त्याचंच. 'यांचे मानले जाते' असं लिहिलं, तर बहुधा त्याचं, पण छातीठोक नाही. 'यांच्या शैलीत' म्हणजे दुसऱ्याच कुणाचं. सरांच्या तोंडी हे इतकं बसलं होतं की बाजारात ते कोळणीला विचारायचे, "हे आजचं आहे, की आजचं मानलं जातं?" ती भडकायची आणि मग हसून एक मासा जास्त टाकायची. घरीही तीच तऱ्हा. कपाटातल्या प्रत्येक डब्यावर, फुलदाणीवर, घड्याळामागे त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. 'पितळी डबा. झाकण दुसऱ्या डब्याचं. एका बाजूला पोचा. आईकडून आक्कांकडे, आक्कांकडून आमच्याकडे.' वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली ते शेवटी लिहायचंच, हा त्यांचा नियम. केणीकाकू म्हणायच्या, "माझ्यावर तेवढी चिकटवायची राहिलीये." त्यावर सर मान खाली घालून म्हणायचे, "तुझी स्थिती लिहायची हिंमत नाही."

आणि एक खूण होती, छोटा काळा त्रिकोण. एखाद्या वस्तूत कंपनीचे स्वतःचे पैसे गुंतलेले असले, म्हणजे तिनं ती आधीच विकत घेतलेली असली किंवा तिच्यात वाटा घेतला असला, तर कॅटलॉगात त्या वस्तूच्या, म्हणजे लॉटच्या, नंबरशेजारी हा त्रिकोण छापायचा. त्याचा अर्थ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. बहुतेक लोक तो वाचतही नसत, पण सर त्याच्या बाबतीत देवपूजेइतके कडक होते. म्हणायचे, "जो स्तुती करतोय त्याचं काय अडकलंय ते आधी सांगावं. मग करू दे की हवी तेवढी स्तुती."

लॉट एक्केचाळीस एक तैलचित्र होतं. पाणी, तिरपं ऊन आणि पांढरे उंचवटे. मालकाच्या कागदात लिहिलं होतं, 'समुद्रकिनारी तंबू'. सरांना ते पटेना. एका रविवारी चित्राची रंगीत प्रत घेऊन त्यांनी मला रिक्षात घातलं आणि आम्ही भाईंदरजवळच्या मुर्धा गावात गेलो. एका ओट्यावर एक म्हातारे बसले होते, तरुणपणी मिठागरावर राबलेले. त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि म्हणाले, "ह्यो दर्या न्हाय. आगर हाय. आन् तंबू कसले? मीठ हाय त्ये, झाकून ठेवलंय." सर परत येताना रिक्षात लहान मुलासारखे गुणगुणत होते. वर्णन तयार झालं, 'मिठागर, संध्याकाळ'. चित्रकाराच्या नावापुढे 'यांचे मानले जाते'. साहेबांना ते शेवटचे तीन शब्द नको होते, सरांनी ते काढले नाहीत. आणि नंबरशेजारी त्रिकोण, कारण त्या चित्रात कंपनीनं मालकाकडून अर्धा वाटा घेतला होता.

आता ते, जे सात वर्षं सांगायचं राहिलं. अंतिम प्रूफवर सरांनी सही केली. त्यानंतर त्यांच्या आद्याक्षरांशिवाय स्वल्पविरामही हलवायचा नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. सर बहिणीकडे गोव्याला गेले. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. कधी येत नसत. खुर्ची ओढून बसले, माझ्या मुलाची चौकशी केली आणि म्हणाले, "मनीषा, फॉर्टी वन का वो ट्रायंगल निकाल दो. सेटल हो गया है." मी विचारलं नाही की काय सेटल झालं, कुठे लिहिलंय, सरांना माहीत आहे का. विचारणारी म्हणून जिला आणलं होतं, तिनं विचारलं नाही. मला कळलं नव्हतं असं लिहिलं तर हे वर्णन खोटं होईल. मला कळलं होतं. साहेब माझ्या टेबलाशी आले याचंच मला अप्रूप होतं. मी बटण दाबलं, त्रिकोण गेला, फाइल छापखान्यात गेली.

सरांची एक खोड होती. छापून आलेलं कॅटलॉग ते लिलावाच्या दिवसापर्यंत उघडत नसत. म्हणायचे, "छापल्यावर फक्त चुका दिसतात आणि उपाय काही नसतो." त्यामुळे लिलावाच्या दुपारी हॉटेलच्या त्या हॉलमध्ये मी त्यांच्या मागच्या रांगेत बसले होते आणि मला ठाऊक होतं की आता, अर्ध्या तासात, ते पान उलटणार आहेत. ते प्रत्येक लॉट विकला गेला की पेन्सिलीनं टिक करत होते. छत्तीस. सदतीस. अडतीसनंतर पान उलटलं... आणि पेन्सिल थांबली. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. उठून साहेबांकडे गेले. साहेब हसत त्यांच्या कानात काहीतरी बोलले आणि खांद्यावर थोपटलं. सर परत येऊन बसले. एकोणचाळीस विकला गेला. चाळीसची बोली रेंगाळली, आणि मला वाटलं, ती कधी संपूच नये. हातोडी पडली. एक्केचाळीसचा पुकारा झाला आणि सर उभे राहिले. शांतपणे, इंग्रजीत, एखादी दुरुस्ती वाचून दाखवावी तसं त्यांनी सांगितलं की या चित्रात कंपनीचा आर्थिक हितसंबंध आहे, तशी खूण कॅटलॉगात छापायची राहिली आहे, बोली लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. "बसा, केणी," साहेब म्हणाले. साहेब मराठी बोलतात हे मला त्या दिवशी कळलं. चित्रावर एकही हात वर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच. सही केलेलं प्रूफ ऑफिसच्या फाइलीत नव्हतं, म्हणजे कुणीतरी ते तिथे राहू दिलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "ट्रायंगल किसने निकाला?" आणि बघितलं माझ्याकडे. मी टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांत संपलं असतं. सरांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "शेवटचं वाचन माझं होतं. सही माझी आहे. नजरचूक माझी." साहेबांना तेच हवं होतं. गिऱ्हाइकांना पत्रं गेली, कॅटलॉगप्रमुखांच्या नजरचुकीमुळे वगैरे. सरांनी राजीनामा दिला. या धंद्यात माणसाकडे असते ती फक्त नजर. तिच्यावर डाग पडल्यावर पुन्हा कुणी बोलावत नाही, आणि सरांना कुणी बोलावलं नाही. 'केणींचे डोळे गेले' असं लोक बोलायचे आणि मी ऐकायचे. आणखी एक सांगायलाच हवं, कारण माझं काय अडकलं होतं ते वाचकाला कळायला पाहिजे. त्यांची जागा मला मिळाली. दोन वर्षं मी त्यांच्या टेबलावर बसले, मग सोसवेना म्हणून सोडलं.

मी त्यांच्या घरी जात राहिले. ते सोसायटीच्या नोटिसा, शाळेच्या स्मरणिका तपासून द्यायचे, तितक्याच काटेकोरपणे. मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. मी केलं हे त्यांना ठाऊक आहे का, हेच मला कळत नव्हतं आणि ते न कळणं सोयीचंही होतं. शेवटचं भेटले तेव्हा त्यांची दृष्टी खरोखरच अधू झाली होती. औषधाची बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, "बारीक अक्षरातलं वाच. गाळू नकोस काही." मी वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "सर, एक सांगायचं होतं..." ते थांबले. बराच वेळ थांबले. मी म्हटलं, "पुढच्या वेळी फळं आणते." ते म्हणाले, "आण."

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी काकूंनी बोलावलं. वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी सरांवर कुणीतरी लिहायला हवं होतं आणि त्यांच्या मते ते मीच लिहायला हवं होतं. पलंगावर चिठ्ठ्या लावलेल्या वस्तूंचा ढीग होता. काकू म्हणाल्या, "सगळं लिही. ती चूक झाली तेही लिही. बावीस वर्षांत एकच, पण झाली ना. लपवलेलं त्यांना आवडायचं नाही."

मी तिथल्या तिथे सांगितलं. उभ्यानंच. साहेबांची खुर्ची, बटण, काचेखालचं कॅलेंडर, सगळं. काकू रडल्या नाहीत आणि मला जवळही घेतलं नाही. त्यांचा चेहरा असा कठीण झालेला मी कधी पाहिला नव्हता. "लोक तोंडावर म्हणायचे गं त्यांना," त्या म्हणाल्या, "केणी, चष्मा बदला. मीसुद्धा म्हटलंय एकदा." मग उठल्या, कपाट उघडलं आणि खालच्या खणातून एक जाड पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. "हे मी उघडलेलं नाही. चिठ्ठी तेवढी वाचलीये. तू काय मागणार आहेस, याचा विचार करत होते इतकी वर्षं. आज कळलं, हे सांगणंच ते मागणं."

पाकिटावरच्या चिठ्ठीत सरांचं अक्षर होतं. 'कागद, एक. डाव्या कडेला चहाचा डाग, बाकी स्थिती चांगली. मनीषा मागेल तेव्हा तिला द्यावे. आपणहून दाखवू नये.' आत त्या पानाची सरांची स्वतःची प्रत. लॉट एक्केचाळीस, शेजारी काळा, स्पष्ट त्रिकोण, खाली सही आणि तारीख. कुणाच्याही टेबलावर आपटला असता तर त्यांची नजर परत मिळाली असती असा कागद, त्यांनी धुतलेल्या चादरींखाली ठेवून दिला होता. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या बाटलीच्या दिवशी ते कशासाठी थांबले होते हे मला तेव्हा कळलं. मला त्यांचा राग आला. खरंच आला. एकदा विचारायचं होतं की त्यांनी, ओरडायचं होतं.

काकूंनी डब्यातून त्यांची पेन्सिल काढली. "चिठ्ठीखाली लिही," त्या म्हणाल्या, "कुणाकडून कुणाकडे गेलं ते. त्यांनी जागा सोडलीये बघ." होती जागा, बरोबर एका ओळीची. मी लिहिलं, 'अरविंद केणींकडून वृंदा केणींकडे, त्यांच्याकडून मनीषाकडे.' काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि पाकीट पुन्हा माझ्याकडे सरकवलं.

"केव्हा मागितलंस, ते नाही लिहिलंस."

मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'ते गेल्यावर.'