बादलीचा हिशेब

गोवऱ्यांचा धूर नाकात गेला की मला कळंबजवळच्या शेतावरची एक दुपार आठवते. आजोबांनी मृत्युपत्रात मोठ्या मामाला इस्टेटीचा व्यवस्थापक नेमलं होतं आणि वाटणी होईपर्यंत त्याने दरवर्षी वारसांना हिशेब द्यावा, असं लिहून ठेवलं होतं. वारस म्हणजे माझी आई आणि दोन मावश्या. तिघी कडुनिंबाखाली बसल्या होत्या, पलीकडे गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजत होते. मामाने संत्र्यांच्या विक्रीपासून विहिरीच्या मोटारीपर्यंत सगळं वाचून दाखवलं. "विश्वास हाये ना भाऊ, वाढा आता," थोरली मावशी म्हणाली. मामा चिडला. "विश्वास कायले? उद्या गाव म्हणन, भावानं खाल्लं. शंका विचारा, मंगच जेवण." तिघी भुकेल्या, एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी धाकटी मावशी म्हणाली, "गोठ्यातली बादली कुठी गेली?" मामाचा चेहरा उजळला. "बूड गंजून गेलं तिचं," म्हणत तो खोलीत गेला आणि पुरावा म्हणून जपलेली कडी घेऊन आला. ती तिघींनी हातात घेऊन पाहिली, तेव्हा कुठे पानं वाढली गेली. वाटणी अजून झालेली नाही. मामा गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. यंदा मी हिशेब वाचला, कोणीच काही विचारलं नाही, आणि मला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं.