शिवकन्येचं ‘हाव’

आमच्या नांदेडच्या गल्लीत शिवकन्येला पोरं ‘हावताई’ म्हणायची. भाजीवाल्यानं “दोन किलो कारली देऊ का ताई?” विचारलं की ही ‘हो’ म्हणून मान डोलावत म्हणणार, “हाव.” मग भावजय पिशवी बघून म्हणायची, “खा आता आठवडाभर.” लहानपणी उमरीला असताना तापात तिचा डावा कान गेला, उजवा अर्धा राहिला. ‘काय? काय?’ केलं की माणसं वैतागतात, ‘हाव’ म्हटलं की समाधानानं पुढं जातात, हे ती शाळेतच शिकली. बाकीचं ओठांवरून ओळखायची. पहिल्या बाकावर बसून बी.ए. झाली ती अशीच.

आता एकोणतीस वर्षांची होती. भाऊ शेषेराव वाईट नव्हता, पण दोन खोल्यांच्या घरात हिची गादी दिवसा पलंगाखाली जायची. लातूरला मुलींच्या एका खासगी वसतिगृहात रेक्टरची जागा निघाली. राहायला स्वतंत्र खोली. ती फॉर्म घेऊन माझ्याकडे आली.

“काकू, तुमचं अक्षर चांगलंय. तुम्हीच भरा.”

‘शारीरिक व्यंग असल्यास’ या रकान्यापाशी मी थांबले. आधी तीन ठिकाणी तिनं खरं लिहिलं होतं, तिन्हीकडून नुसतं ‘कळवतो’. मी ‘नाही’ लिहिलं.

“पोरींनी दार वाजवलं तर?” तिनं विचारलं.

“बेलच्या जागी बल्ब बसवून घेऊ. आधी नोकरी तर लागू दे.”

कानातलं मशीनही मुलाखतीपुरतं काढून ठेव, हे मीच सांगितलं. समोरासमोर बसायचं होतं. ओठांवर तिचं भागलं असतं.

लातूरला मी सोबत गेले. संस्थेचे अमृतराव सर टेबलामागे, त्यांच्यासमोर शिवकन्या, मी भिंतीलगतच्या बाकावर. शिक्षण, गाव, मेस कशी सांभाळाल, सगळ्याची तिनं चांगली उत्तरं दिली. सर खूश दिसले. त्याच खुशीत त्यांनी गुटख्याची पुडी फोडली आणि तोंडात रिकामी केली. त्यानंतर हनुवटी वर, ओठ मिटलेले, आवाज घशातून. शिवकन्या खुर्चीत पुढं सरकली.

“एक तारखेपासून जमेल?”

“हाव.”

“सुट्टीतबी थांबावं लागंल.”

“हाव.”

तेवढ्यात मागून चहावाला म्हणाला, “मॅडम, जरा खुर्ची सरकवा.” दोनदा म्हणाला. ती हलली नाही. सरांची नजर तिच्यावर थांबली.

“तुमाला ऐकू कमी येतं काय?”

शिवकन्या हसली. “हाव.”

“मग फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं ते खोटं का?”

“हाव.”

सर उठले, कोपऱ्यातल्या डब्यात थुंकले, तोंड पुसून परत बसले. आता तिला अक्षर न् अक्षर कळत होतं.

“ऐकू कमी येतं ते एक वेळ चाललं असतं. खोटं लिहिणारी बाई पोरींजवळ कशी ठेवायची?”

तिनं मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. ते अक्षर माझं आहे, हे सांगायला बाकावरून उठायचं होतं फक्त. मी पर्सची चेन लावत बसले.

बसमध्ये तिनं मशीन कानात घातलं. अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

“काकू, त्यांनी थुंकायच्या आधी काय विचारलं होतं?”

मी सांगितलं.

“म्हंजे मी खरंच बोलून राहिले होते की.”

फॉर्मबद्दल ती कधीच काही बोलली नाही. मीही नाही. गादी अजून पलंगाखालीच जाते. परवा नळावर भेटली. म्हटलं, इथंच एका शाळेत ग्रंथालयात जागा आहे, या वेळी सगळं खरं लिहू, भरायचा का फॉर्म?

मशीन कानात होतं. तरी तिनं माझ्या ओठांकडे नीट पाहिलं.

“न्हाई,” म्हणाली, आणि हंडा उचलला.