चाळिशीनंतर वाढलेली मी

लग्नात मी एवढी बुटकी होते की हार घालताना मला पाटावर उभं केलं होतं. उंची पुढेही वाढली नाही. चाळिशीनंतर मात्र मी भलतीकडूनच वाढायला लागले. जोडवी रुतायला लागली, बांगड्यांचं माप बदललं, चपला बोटांना चावू लागल्या. कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायची, "राबतं अंग हाय, हात दणकट हुणारच." नाक पसरलं, हनुवटी पुढे आली, तेव्हा मला वाटलं, आता आपण सासू होणार म्हणून चेहऱ्याला वजन येतंय. इतकी मी शहाणी!

मालक फौजेतून पेन्शनवर आलेले. एकदा रानात जायच्या घाईत मी त्यांचे बूट घातले, तर ते बरोबर बसले. मालक म्हणाले, "तुझी भरती राहून गेली गं." मी खो खो हसले. खरं तर डॉक्टरकडे जायला हवं होतं, पण त्याला अक्कल लागते, आणि माझी तेवढीच काय ती वाढत नव्हती.

मग घाम, डोकेदुखी, सारखी तहान. पलूसच्या दवाखान्यात रक्तात साखर निघाली. मी बिनगुळाचा चहा सुरू केला, भाकरी अर्धी केली, कारल्याचा रस प्याले. गोळ्या वाढत गेल्या, साखर हलेना. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गुळाची ढेप ट्रंकेत ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

"आवं आत्ती, मी खात न्हाई."

"मग साखर काय आभाळातनं पडती व्हय? परवा गुऱ्हाळावर गेलतीस न्हवं?"

"डबा द्यायला गेलतो!"

"आन् बोटं चाटत आलीस."

चाटली नव्हती. पण सून म्हणून आल्यापासून मी इतका गूळ पळवला होता की आता विश्वास कोण ठेवणार? मलाच शंका यायची, झोपेत उठून खाते की काय. पुढे डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, साखर अशीच राहिली तर डोळे जातील. त्याची भीती होतीच. पण गूळचोर म्हणून आंधळं व्हायचं मला जास्त जिवावर आलं होतं.

मालकांनी मला सांगलीला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आत्तीही आल्या, माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला. बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले, माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "लग्नातला फोटो आहे?" तो मालकांच्या पाकिटात निघाला. मला पत्ताच नव्हता! त्या फोटोतल्या पोरीशेजारी मी तिचा थोरला भाऊ दिसत होते.

तपासण्या झाल्यावर बाईंनी सांगितलं, "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आलीय. कर्करोगाची नाही, पण ती वाढीचं हार्मोन नको इतकं सोडतेय. लहानपणी त्यानं उंची वाढते. मोठेपणी उंची थांबलेली असते, मग हात, पाय, जबडा रुंद होतो. शिवाय ते इन्सुलिनला नीट काम करू देत नाही आणि यकृत साखर सोडत राहतं. यांनी गुळाला हात लावला नाही तरी साखर चढणारच."

"बाई, हे परत एकदा म्हणा," मी म्हणाले. "जरा मोठ्यानं. आमच्या आत्तींना ऐकाय कमी येतं."

गाठ नाकातून काढायची ठरली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना मी म्हणाले, "नाक एवढं पसरलंय, तुमास्नी वाट तरी रुंद मिळंल." ते हसले, मालक नाही.

पुढे घाम थांबला, हातांची सूज उतरली, साखर खाली आली आणि गोळी एकच राहिली. रक्त तपासायला दरवर्षी सांगलीला जावं लागतं. जबडा तसाच आहे. नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासून अशीच हाय.

ऑपरेशननंतर साखर उतरल्याचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा आत्ती वॉर्डात माझ्या पायाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "खरं बोलत हुतीस, तर मोठ्यानं का सांगितलं न्हाईस?"

"रोज वरडत हुतो की आत्ती."

"त्याच्या आधी खात हुतीस, तवा बी असंच वरडायचीस."

 माझे डोळे शाबूत होते, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला स्वच्छ दिसलं.