तळापर्यंत उजेड

पिंपळे गुरवला आमच्या शेजारी राहणारा गृहस्थ चाकणची शिफ्ट करून आला की बूट न काढताच काचेच्या टाकीपुढे वाकायचा. छातीइतक्या खोल त्या खाऱ्या पाण्यात, तळाशी एक प्रवाळ उजेडावाचून मरत चाललं होतं. पसरट दिव्याचा उजेड तिथवर पोचत नव्हता, आणि झोताच्या दिव्याने वरची प्रवाळं करपतील, असं दुकानदाराने बजावलं होतं. तरी रविवारी त्याने झोताचाच दिवा टांगला.

मी बघत असतानाच छताचा हूक निसटला. पेटलेला, तापलेला दिवा पाण्यात पडणार, तोच त्याने तो दोन्ही हातांनी झेलला.

"बटण!" तो ओरडला.

मला बटण सापडेना. त्याने दिवा सोडला नाही. अखेर मी तो बंद केला, तेव्हा त्याचे तळवे लालबुंद झाले होते.

"अहो, जीव गेला असता!"

"व्हय. पण हा पाण्यात पडता तर समदीच प्रवाळं गेली असती."

माझ्याकडून त्याने हूक पक्का बसवून घेतला. मग भाजलेले हात त्या खाऱ्या पाण्यात घातले आणि वरची प्रवाळं झोताच्या वाटेतून एकेक करून बाजूला सरकवली.

"लावा आता," तो म्हणाला.

तळापर्यंत उजेड पडला. तो वाकून बघत राहिला; मला त्याच्या हातांकडे बघवेना.