वीरभद्रप्पांचे सोमवार

नवी पेठेतले कापडवाले वीरभद्रप्पा घास गिळताना अडखळू लागले, तेव्हा घरच्यांनी दोष पित्ताला दिला. ते स्वतः भाकरीलाच बोल लावत. "जोंधळा पूर्वीचा राहिला नाही," म्हणत आणि भाकरी आमटीत कालवून घेत. पुढं नुसती आमटी उरली. त्यांची बायको दानम्मा ताटाकडं बघे आणि गप्प राही. शेवटी मुलानं, प्रभूनं, दवाखान्यात नेलं. अन्ननलिकेत गाठ निघाली, कॅन्सरची.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "आधी औषधं, मग ऑपरेशन. तंबाखू आजपासून बंद आणि वजन वाढवायचं. अंगात ताकद आणि छातीत दम असला, की माणूस यातून उठतो. वजन असंच उतरत राहिलं, तर मी ऑपरेशन करणार नाही."

तंबाखू त्यांनी त्याच दिवशी सोडली. श्वास ओढून गोळे वर चढवायचं यंत्र दिलं होतं, ते घेऊन गल्ल्यावर बसत. गिऱ्हाइकं कापड सोडून तेच बघत. औषधांनी गिळणंही सुधारलं. दानम्मा थोड्या थोड्या वेळानं मुगाची पेज, खिमट, शेंगदाण्याचं दूध पुढं करी. तरी वजनाचा काटा वर सरकेना.

कारण दानम्माला ठाऊक होतं. ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून ते सिद्धेश्वराला सोमवार बोलले होते, निर्जळी. आठवडाभर कमावलेलं त्या एका दिवसात जाई आणि मंगळवारी पोट काही घेत नसे.

"डॉक्टरला सांगू नकोस," त्यांनी बजावलं होतं. "देवाचं नि माझं आहे ते."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई वजन बघून म्हणाल्या, "तारीख पुढं ढकलावी लागेल." दानम्माला राहवलं नाही. "सोमवारी पाणीसुद्धा घेत नाहीत, बाई!"

संध्याकाळी दानम्मानं घरच्या अय्यांना बोलावलं. घरातली सगळी कार्यं या म्हाताऱ्या जंगमांच्या हातची, आणि त्यांची जीभ तिखट.

"काय रे, गळ्यातल्या लिंगाला दाखवल्याशिवाय घास घेतोस का?"

"कधीच नाही, अय्या."

"मग तू उपाशी, म्हणजे गळ्यातला देवही उपाशीच की! कुठल्या मठात शिकलास हे?"

"पण मी बोललोय…"

"मी सोडवतो. सोमवारी दर वाटी देवाला दाखव. प्रसाद टाकायचा नसतो, हे काय तुला सांगायचं?"

अय्या गेल्यावर वीरभद्रप्पा म्हणाले, "तोंड लई सुटलंय तुझं."

"सुटणारच. इतके दिवस गप्प बसून काय मिळवलं?"

सोमवारी त्यांनी तळहातावर लिंग घेतलं, पेजेची वाटी दाखवली आणि तळापर्यंत संपवली. दुसऱ्या वाटीला "साकु, साकु, पुरे आता," म्हणाले खरे, पण टाकायची कशी? तीही संपवली. काही आठवड्यांनी काटा हलला आणि तारीख मिळाली.

ऑपरेशननंतर ताप चढला, छातीत कफ दाटला. नर्सबाईंनी दुसऱ्याच दिवशी धरून उभं केलं. ते खोकले, चालले, त्यातून उठले. आता थोडं थोडं खातात, उंच उशीवर झोपतात. तपासणी जवळ आली की दानम्मा त्यांचा एकेक घास मोजते. डॉक्टरीणबाई खात्री देत नाहीत. रिपोर्ट बघून "आत्तापर्यंत छान," एवढंच म्हणतात.

परवाही तेच म्हणाल्या. जिना उतरताना दानम्मानं वीरभद्रप्पांचा हात धरला.

"सोड. लोक बघतात."

"बघू देत की," ती म्हणाली.